फोटोतला मैलाचा दगड : वाचकांचे प्रश्न, अप्पांची उत्तरं

घरातल्या जुन्या फोटोत रस्त्याची पाटी, मैलाचा दगड किंवा घाटातला इशाऱ्याचा फलक दिसत असेल तर त्याबद्दल विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. बांधकाम खात्यात धुळे, साक्री, शिरपूर या भागातल्या रस्त्यांवर माझी नोकरी झाली आणि या विषयाचं मला पहिल्यापासून वेड आहे. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

अप्पा, सा. न. वि. वि. वडिलांच्या ट्रंकेत एक छोटा चौकोनी फोटो सापडला, त्याची प्रत सोबत आहे. वडील आणि त्यांचे दोन मित्र सायकली धरून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. मधे दगड, त्यावर ‘धुळे १२’. मागे टेकडी. तारीख कुठेच नाही. वडील आता नाहीत, ते मित्र कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही. मला नवल वाटतं ते याचं, की फोटो हातात घेतला की माझी नजर वडिलांच्या चेहऱ्यावरून त्या दगडावर जाते आणि तिथेच थांबते. असं का होत असेल? आणि फोटो कधीचा असेल?
— एक भगिनी, शिरपूर

ताई, आधी ‘कधीचा’ याचं उत्तर देतो. ‘का’चं उत्तर त्यातूनच निघेल.

मागची टेकडी सोनगीरची. प्रत भिंगाखाली धरली तर माथ्यावरची तटबंदीची रेघ दिसते. सोनगीर धुळ्याहून आग्रा रोडने, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याने, वीस किलोमीटरच्या आतबाहेर. दगडावर मात्र बारा. बारा किलोमीटरवर उभं राहिलं तर ती टेकडी लांबवर पुसट दिसायला हवी. इथे ती तुमच्या वडिलांच्या खांद्याला लागून आहे. म्हणजे हे बारा मैल. बारा मैलांचे एकोणीस किलोमीटर आणि वर थोडे होतात. हिशेब चोख बसला.

मैल गेले कधी? दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, १९५८पासून किलो आणि मीटर टप्प्याटप्प्याने आले. रस्त्यावरचे दगड बदलायला साठचं दशक लागलं. दुकानातली वजनं एका दिवसात बदलता येतात, पण सबंध रस्त्याची मोजणी नव्याने करून प्रत्येक दगड उपटायचा आणि नव्या जागी रोवायचा, हे काम वेगळं. आडरस्त्यांवर जुने दगड त्यानंतरही बरेच दिवस उभे होते. पण आग्रा रोड हा मोठा रस्ता. तिथे मैलाचा दगड इतका स्वच्छ, चुना मारलेला, अक्षरं काळीभोर भरलेली दिसतोय, म्हणजे तो अजून कामावर होता. तुमचा फोटो साठच्या दशकाच्या मध्याच्या अलीकडचा नसावा.

बाकीच्या वाचकांसाठी एक खूण सांगून ठेवतो. मोठ्या दगडांच्या मधे बुटके दगड असतात, ते बघा. मैलाच्या काळात ते फर्लांगाचे होते. एका मैलात आठ फर्लांग, म्हणून दोन मोठ्या दगडांच्या मधे सात बुटके, त्यांवर १ ते ७ आकडे. किलोमीटर आल्यावर दर दोनशे मीटरला एक असे चारच राहिले आणि त्यांवर २, ४, ६, ८. फोटोतल्या बुटक्या दगडावर ३, ५ किंवा ७ दिसला तर तो रस्ता मैलाच्या काळातला समजा. फर्लांग म्हणजे २०१ मीटर, त्यामुळे चालणाऱ्या माणसाला दोन बुटक्यांतलं अंतर बदललेलं जाणवलंसुद्धा नसेल. बदलले ते आकडे.

आता कॅमेऱ्याबद्दल. चौकोनी प्रिंट, कडेला पांढरी पट्टी, म्हणजे ‘१२०’ नंबरच्या फिल्म रोलवर बारा फोटो काढणारा साधा डबा कॅमेरा. त्याला फोकस जुळवायची सोयच नव्हती. साधारण दहा फुटांच्या पुढचं सगळं, पार क्षितिजापर्यंत, एकसारखं चालण्याजोगं येई. दहा फुटांच्या आत आलात तर चेहरा पुसट. म्हणून फोटो काढणारा मागे सरकायचा आणि तेवढ्या अंतरावरून माणसाबरोबर दगड, सायकल, कडुलिंब, टेकडी असं सगळंच फोटोत यायचं. हल्लीचा फोन चेहरा ठेवतो आणि मागचं पुसून टाकतो. त्या डब्याने दगडावरच्या अक्षरांना तुमच्या वडिलांच्या नाकडोळ्यांइतकाच मान दिला आहे. जुन्या फोटोंतल्या पाट्या आपल्याला वाचता येतात, त्याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं तुमच्या नजरेत आहे. त्या फोटोत तिघं जण तयारीने उभे आहेत. शर्ट खोचलेले, भांग पाडलेले, श्वास धरलेला. फोटोसाठी माणूस जसा होतो तसे ते झाले आहेत. दगड कशासाठीच तयार झालेला नाही. तो त्या दिवशी सकाळी होता तसाच संध्याकाळी राहिला आणि कुणी फोटो काढला नसता तरी तेच सांगत राहिला असता : इथून धुळे बारा. तुमच्या प्रश्नांना त्या फोटोत उत्तर देतो तो तेवढाच एक जण आहे. वडील कुठे होते, घरापासून किती लांब होते, अजून किती पायडल मारायचं बाकी होतं, हे तो सांगतो. चेहरा यातलं काही सांगत नाही. म्हणून नजर तिथे थांबते, आणि तिने थांबावं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दगडावर कोणत्या गावाचं नाव कोरायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. साध्या दगडावर पुढचं गाव, दर पाचव्या दगडावर जास्त नावं, आणि त्यांत रस्त्याची दूरची टोकंही. सोनगीरजवळ तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाठोडं घेऊन बसची वाट बघणारा माणूस असा दगड वाचायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एकाच दमात धुळेही यायचं आणि आग्राही. धुळ्याच्या भर बाजाराचं नावच आग्रा रोड. लग्नाचा बस्ता आग्रा रोडवर बांधणाऱ्या किती जणांनी आग्रा पाहिलं असेल? पण आपण एका लांब रस्त्यावर राहतो ही जाणीव त्या नावाने आणि त्या दगडांनी घरोघरी पोचवली. आज चौपदरी रस्त्यावर डोक्यावरून जाणाऱ्या मोठ्या हिरव्या फलकांवर ठळक अक्षरांत इंदूर, नाशिक, मुंबई असतं. मधल्या गावांना बाहेर पडायच्या फाट्यापुरती जागा. वेगाने जाणाऱ्याला तेवढंच पुरतं, त्यात गैर काही नाही. पण सायकलवरच्या तीन पोरांना बारा मैलांवरचं धुळे सांगणारा दगड हा त्यांच्या वेगाचा होता. तुमच्या फोटोत तो वेग जपला गेलाय.

अप्पा, माझे आजोबा ट्रकवर क्लीनर होते. कन्नड घाटातला त्यांचा एक फोटो आहे, मागे इशाऱ्याची पाटी. वर एक रिकामा त्रिकोण, तोही काळा. खाली वेगळी चौकोनी पाटी, तिच्यावर वळणाचं चित्र आणि मराठी अक्षरं. तेव्हा त्रिकोण काळे असायचे का? आणि चित्र त्रिकोणाच्या आत का नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

त्रिकोण लालच होता. काळा केला तो फिल्मने. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक पद्धतीच्या काचेच्या प्लेटांना आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी उतरे. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली, तरी लाल रंग गडद करडाच यायचा. स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा का चालायचा, त्याचंही कारण हेच. फोटोच्या कागदाला लाल उजेड कळत नाही. तेव्हा घरातल्या जुन्या फोटोंत काळी दिसणारी कुंकवं, काळे दिसणारे त्रिकोण आणि काळ्या दिसणाऱ्या एसटीच्या गाड्या मनातल्या मनात लाल करून बघत जा.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. इशाऱ्याची चित्रं ठरवून एकसारखी करायची सुरुवात १९०९ साली पॅरिसच्या करारात झाली. तेव्हा चारच चित्रं होती : खाचखळगे, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. पुढे इंग्लंडने वर लाल त्रिकोण आणि खाली माहितीची चौकोनी पाटी अशी पद्धत धरली. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्याबरोबर जी चिन्हं आली ती त्याच वळणाची होती. वरचा त्रिकोण ‘सावध हो’ एवढंच सांगायचा, कशापासून ते खालची पाटी सांगायची. यात सोय मोठी होती. त्रिकोण सगळीकडे एकच. बदलायची ती खालची पाटी, आणि ती तालुक्याच्या गावी पेंटरकडून रंगवून घेता यायची.

इंग्लंडने १ जानेवारी १९६५पासून ही पद्धत सोडली आणि चित्र त्रिकोणाच्या आत नेलं.  नव्या पाट्यांची चित्रं काढणाऱ्या मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी शाळेच्या पाटीवर धाकट्या मुलाचा हात धरून चाललेली मुलगी आणली. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची चिन्हांची संहिता, ‘आयआरसी ६७’, १९७७ साली आली आणि रस्त्याच्या चिन्हांच्या व्हिएन्ना करारात भारत १९८० साली सामील झाला. (ही इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ची. ती ज्या समितीच्या शिफारशींतून उभी राहिली तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. रस्त्यांच्या इतिहासात हे नाव फार कमी घेतलं जातं, म्हणून आवर्जून लिहितो.) जुने जोडफलक त्यानंतरही घाटांत आणि आडरस्त्यांवर होते. मी स्वतः असे कितीतरी उतरवून घेतले आहेत.

खालच्या पाटीवरची मराठी अक्षरं नीट बघ. ती छापलेली नाहीत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला साक्रीच्या चौकीवर एक पेंटर यायचे. पत्र्याला आधी लाल रेड ऑक्साइड, ते वाळलं की पिवळ्याचे दोन हात. मग खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून मधे चिमटीने उचलून सोडायचा. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठायची. अशा दोन रेघा मारल्या की अक्षराची उंची ठरली. अक्षरं ते शिरोरेघेशिवाय लिहायचे, सुटी सुटी. ‘पुढे वळण आहे’ हे तोपर्यंत डोकं उडवल्यासारखं दिसायचं. सगळ्यांत शेवटी डाव्या हातातली काठी पत्र्याला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि चपटा ब्रश एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. त्या रेघेच्या उजव्या टोकाला रंग थोडा विरळ व्हायचा. हा विरळपणा काही जुन्या फोटोंतसुद्धा दिसतो. तुझ्या आजोबांच्या डोक्यामागच्या पाटीवर ‘आहे’च्या ‘हे’वर रेघ पुसट झाली आहे, ते ऊन नव्हे. तिथे ब्रशमधला रंग संपत आला होता.

अशा पाट्या गेल्याचं मला वाईट वाटतं, पण त्या का गेल्या हेही सांगायला हवं. आग्रा रोडवर पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतचे ट्रक चालतात. ‘पुढे अवघड वळण आहे’ हे त्यांतल्या निम्म्या ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं. चित्र सगळ्यांना वाचता येतं.

जाता जाता : कन्नड घाटाला औट्रम घाट म्हणतात ते जेम्स औट्रमवरून. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तोच.

साहेब, तुम्ही जुन्या पाट्यांचं एवढं कौतुक करता. मी तीस वर्षं ट्रक चालवला. कोंडाईबारी घाटात पावसाळ्यात रात्री जुनी पाटी दिसायची तेव्हा वळण आलेलं असायचं. त्या पाट्यांनी माणसं मेलीत. फोटोत छान दिसतं म्हणून काय झालं?
— एक चालक, नवापूर

भाऊ, तुमचं पत्र पूर्ण छापलं, कारण यातला शब्द न् शब्द खरा आहे.

साध्या रंगाच्या पाटीवर दिव्याचा झोत पडला की उजेड चहूकडे विखुरतो, ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत फार थोडा परत येतो. पत्रा ओला असला तर झोत पुढेच घसरून जातो. यावर पहिला उपाय म्हणून फलकाच्या कडेने काचेच्या गोट्या बसवत. मग बारीक काचमण्यांचा थर दिलेला कागद आला. रस्त्याच्या पाटीवर तो पहिल्यांदा अमेरिकेत १९३९ साली लागला. काचमणी आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून तुमच्या दिव्याचा उजेड तुमच्याच डोळ्यांत येतो आणि पाटी पेटल्यासारखी दिसते. आपल्या घाटांत हा कागद पोचायला फार वर्षं लागली आणि तेवढ्या वर्षांत काय काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मीही पाहिलंय. पंचनाम्याला आम्हाला बोलवायचे.

घाटात पुन्हा जुनी पाटी लावा असं मी कधीही म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रामुळे एक गोष्ट लक्षात आली, ती इथे मांडतो. माझ्याकडे आलेल्या एकाही फोटोत रात्र नाही. पाऊसही नाही. डबा कॅमेऱ्याला कडक ऊन लागायचं आणि फोटो काढायला थांबणारा माणूस सुट्टीवर असायचा. त्यामुळे अल्बममधला रस्ता सदा कोरडा, मोकळा, दुपारचा. तुमचा रस्ता त्यात आलाच नाही. वाचकांनी जुने फोटो बघताना ही उणीव धरून चालावं. आणि तुमच्याकडे किंवा तुमच्या जोडीदारांकडे ट्रकबरोबर, घाटात, धाब्यावर काढलेले फोटो असतील तर जरूर पाठवा. फोटो नसतील तर आठवणी लिहा. कोणत्या वळणावर कोणती पाटी होती आणि ती दिसायची की नाही, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

फलकावरच्या नावांवरून आणि नंबरांवरून काळ ओळखता येतो का?
— एक शिक्षक, पारोळा

येतो, पण अंदाजाने, आणि तोही एका बाजूने. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ दिसलं तर तो फलक १९०६च्या विभाजनानंतरचा आणि महाराष्ट्र झाला त्या सुमारापर्यंतचा. ‘एदलाबाद’ असेल तर मुक्ताईनगर हे नाव मिळण्याआधीचा. धुळे जिल्ह्याच्या फलकावर नंदुरबार आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून असेल तर १ जुलै १९९८च्या आधीचा. मात्र नाव बदललं म्हणून फलक लगेच बदलतो असं नाही. निधी आल्यावर बदलतो. तेव्हा फोटो ‘याच्या आधीचाच’ असं कधी म्हणू नका, फलक ‘याच्या आधी लावलेला’ म्हणा.

नंबरांचं तसंच. धुळ्यात जुने तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र यायचे : ३, ६ आणि २११. २०१०च्या फेररचनेत जळगावकडे जाणारा ६ नंबरचा ५३ झाला, सोलापूरकडचा २११ नंबरचा ५२ झाला आणि आग्रा रोडचे तुकडे पडले. शिरपूरकडचा ५२, नाशिककडचा ६०. बोलताना लोक अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. फोटोत गाडी असेल तर तिची नंबरपाटी जास्त भरवशाची : एमएच १८ धुळ्याची, १९ जळगावची, आणि ही पद्धत १९८९पासूनची. एमएच ३९ दिसली तर नंदुरबार.

माझे आजोबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. एका फोटोत ते दगडापाशी उकिडवे बसलेत, हातात कुंचा, शेजारी पत्र्याचा डबा. तो फोटो कुणी आणि का काढला असेल? घरात कुणी त्यांच्या कामाबद्दल फार बोलत नाही.
— एक वाचक भगिनी, साक्री तालुका

ताई, का बोलत नाहीत ते मला माहीत आहे. खात्यात मैलकुलीच्या खाली पद नव्हतं. पण मला विचाराल तर या सगळ्या पत्रांतला सर्वांत मोठा फोटो तुमचा आहे.

मैलकुलीकडे रस्त्याचा ठरावीक मैलांचा तुकडा असे. सकाळी घमेलं, फावडं, टिकाव घेऊन निघायचं. खड्ड्यात मुरूम टाकून धुम्मसने ठोकायचा, पाऊस संपला की बाजूपट्ट्या भरायच्या, चाऱ्या उकरून पाणी काढून द्यायचं, नव्या झाडांना काट्यांचं कुंपण करायचं आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालायचं. आग्रा रोडला, साक्री रोडला अजून जिथे कुठे जुने कडुलिंब उभे असतील, तिथे एखाद्या मैलकुलीने चैत्र-वैशाखात डोक्यावरून पाणी नेलंय. झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टेही त्यांनीच ओढायचे.

दगडाचं काम बहुतेक दिवाळीच्या आगेमागे, पावसाने रंग धुऊन नेल्यावर. कळीचा चुना डब्यात भिजवायचा. तो रटरटून शांत झाला की त्यात थोडा डिंक घालायचा, म्हणजे हाताला लागत नाही. पूर्ण दगडाला दोन हात. मग कोरलेल्या आकड्यांत काळा रंग भरायचा. माझ्या हाताखालचे बरेच मैलकुली शाळेत गेलेले नव्हते. ते ब्रश धरायच्या आधी तर्जनी खाचेतून फिरवायचे. अक्षराची वाट बोटाला कळली की त्याच वाटेने रंग. एकदा एका दगडाची खाच झिजून गेली होती, तर त्या गृहस्थांनी मला बोलावून विचारलं, ‘साहेब, इथली मात्रा बोटाला लागत नाही, आहे का नाही?’ बोटाने वाचणारा तो माणूस मी कधी विसरलो नाही.

फोटो कुणी काढला? दगडाचा आकडा नीट समोर येईल असा काढलाय, त्यावरून तो खात्यातल्याच कुणीतरी, पाहणीच्या वेळी, काम झाल्याची नोंद म्हणून काढला असावा असं मला वाटतं. मागे शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा आहे का बघा. आजोबांचं नाव, गाव आणि त्यांचा तुकडा कुठून कुठपर्यंत होता, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. आणि परवानगी दिलीत तर हा फोटो पुढच्या अंकात मोठा छापायची माझी इच्छा आहे.

हायवेला धाबा सुरू करतोय, जुन्या काळच्या पद्धतीने सजवायचा आहे. मैलाचे जुने दगड, इनॅमलच्या पाट्या कुठे मिळतील?
— एक उद्योजक, धुळे

दगड नका उचलू. बायपासमुळे बाजूला पडलेला, झुडपात कललेला दगडसुद्धा सरकारी मालमत्ता आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो ज्या जागी आहे त्या जागेचं अंतर सांगतो. तुमच्या धाब्यावर ‘धुळे १२’ आणून ठेवला आणि धाबा धुळ्याहून पाच किलोमीटरवर असला, तर तो दगड दिवसरात्र खोटं बोलत राहील. मला ते सहन होणार नाही.

इनॅमलच्या पाटीत लोखंडी पत्र्यावर काचेची पूड सुमारे आठशे अंशांवर भाजून बसवलेली असते, प्रत्येक रंगाची भाजणी वेगळी. बाजारात जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी पाट्या नव्या पत्र्यावर गंज रंगवलेल्या असतात. खरी पाटी स्क्रूच्या भोकांपाशी टवके उडालेली दिसते आणि टवक्याच्या कडेला पांढऱ्याखाली काळसर-निळा थर दिसतो. मागच्या बाजूलाही इनॅमल असतं. अशी पाटी कुणी विकत असेल तर ती कुठून आणली हे आधी विचारा. उत्तर पटलं नाही तर घेऊ नका. फ्रान्समध्ये मिशलिन कंपनीने ज्वालामुखीच्या दगडावर इनॅमल चढवून बनवलेले दिशाफलक काही गावांच्या चौकांत अजून त्यांच्या मूळ जागी उभे आहेत आणि लोक ते तिथेच दुरुस्त करून ठेवतात. मला तो मार्ग पटतो.

सजावटच करायची तर पंचक्रोशीतल्या लोकांकडून या रस्त्याचे जुने फोटो मागा, मोठे करून लावा, खाली कुणाच्या घरातला ते लिहा. गिऱ्हाईक भाकरी-शेवभाजी येईपर्यंत उभं राहून वाचेल.

फोटो तुम्हाला पाठवायचा तर कसा पाठवू? काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चिकटलेला आहे.
— एक ज्येष्ठ वाचक, अमळनेर

दादा, उपटू नका. पान तसंच ठेवून खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी, फोनने वरून सरळ फोटो घ्या. फ्लॅश बंद. चमक येत असेल तर पान थोडं फिरवा. गावात स्कॅनर असेल तर सहाशे डीपीआयला सांगा, म्हणजे पाटीवरची अक्षरं मोठी करून वाचता येतील. लॅमिनेशन करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. फोटो सुटा असेल तर मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा : कोण, कुठे, कुणी सांगितलं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आणि निगेटिव्ह सापडली तर ती आधी पाठवा. प्रिंट काढताना पाटी पुष्कळदा कडेला कापली जायची, निगेटिव्हमध्ये ती पूर्ण असते.